गाडी सुरू कर, मग बोल

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं सांगणं आलं, तेव्हा सवयीने मी आधी यादी केली. वादळ, वणवा, कंट्रोल रूममध्ये शिरलेली धामण, लाइटसाठी आलेला मोर्चा, लग्नघरांचे फोन. यादी चांगली झाली होती. मग लक्षात आलं की यातल्या एकाही गोष्टीची मला आता भीती वाटत नाही, आणि जिची वाटते ती यादीत नाहीच. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि जनार्दनबद्दल लिहायचं ठरवलं. त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिवा मॅडम. फक्त माजी शिडी कुठं सापडली ते लिवू नका."

तेही लिहिणार आहे.

आधी काम सांगते. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं वीज उपकेंद्र आहे. मोठ्या तारांनी आलेली वीज इथे कमी दाबाची होते आणि गावोगाव वाटली जाते. गावांकडे जाणाऱ्या प्रत्येक लाइनला आम्ही फीडर म्हणतो. माझ्या खोलीत भिंतीला लागून लोखंडी कपाटांची रांग आहे, एका फीडरला एक कपाट, आणि प्रत्येक कपाटावर पिस्तुलाच्या मुठीसारखी एक काळी मूठ. डावीकडे फिरवली की काही गावांची लाइट जाते, उजवीकडे फिरवली की येते. लोकांना वाटतं, लाइट घालवताना मॅडमना शिव्यांची भीती वाटत असेल. शिव्यांची सवय होते. भीती वाटते ती मूठ उजवीकडे फिरवताना.

तारांवर काम करायचं असलं की वायरमन माझ्याकडून परमिट घेतो. परमिट म्हणजे माझा शब्द: हा फीडर मी बंद केला आहे आणि तू स्वतः परमिट परत देईपर्यंत तो चालू करणार नाही. मग तो तारेला अर्थिंगचा रॉड लावतो, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती त्याच्या अंगातून न जाता जमिनीत जावी. काम झालं की खाली उतरायचं, रॉड काढायचा, परमिट परत द्यायचं. नियमाप्रमाणे हे सगळं कागदावर, समोरासमोर व्हावं आणि खांबावर दोन माणसं असावीत. आमच्याकडे माणसं थोडी आणि गावं लांब, मधे चढ आणि जंगल. त्यामुळे कागद मागाहून व्हायचा आणि परमिट फोनवर. "मॅडम, परमिट परत. सगळे खाली, रॉड काढला, चालू करा." एवढं ऐकायचं आणि मूठ फिरवायची. माणूस दिसत नाही, खांब दिसत नाही. एका आवाजाच्या भरवशावर अकरा हजार व्होल्ट सोडायचे.

हे काम मी करते म्हणून मी याद्या करते. कुठला फीडर, कोण माणूस, किती वाजता, रॉड, शिडी, फोन नंबर. घरीही करते. माझे मिस्टर म्हणतात, "यमदूत आले तरी ही त्यांना ओटीवर बसवून सामानाची यादी करेल." करीन. त्यांनाही पाणी विचारायचं राहून जायला नको.

बाकी फोनही येतात. एकदा हळदीच्या मांडवातून आला: "मॅडम, नवऱ्याचा एक हात पिवळा झालाय, दुसरा अंधारात चाचपून रंगवू काय?" एका फार्महाउसवाल्याने हळूच विचारलं होतं, पाच मिनिटं लाइट घालवता का, पाहुणे उठत नाहीयेत. आणि अनसूयाकाकी. डोंगराच्या पायथ्याला काकींची भाताची गिरण आहे. त्यांच्या गावची लाइट गेली की काकींचा फोन आलाच. "गो मॅडम, लाइट कदी येल?" मी सांगितलं की दहा मिनिटांनी परत: "गो मॅडम, दहा मिंटं झाली." आमच्या पाळीतल्या सगळ्यांनी काकींचा फोन एकमेकांवर ढकलायची कला साधली होती. तो फोन मीही पुष्कळदा वाजू दिला आहे.

आता जनार्दन. आमच्या भागातला वायरमन, चाळिशीच्या अलीकडचा, काटकुळा, उभा असला तरी एक पाय हलत राहणारा. वादळात त्याच्यासारखा माणूस नाही. झाडं पडलेली, तारा रस्त्यात, चार गावांचे सरपंच एकदम फोनवर, आणि याचा आवाज थंड. "मॅडम, आधी डोंगराकडची लाइन तोडू, मग मुरबाडकडची देऊ." त्याने सांगितलेला क्रम कधी चुकला नाही. वादळात फोनवर जनार्दन असला की मला बरं वाटायचं.

साध्या दिवशी मात्र हाच माणूस फ्यूज बदलायला निघायचा, वाटेत कुणाचा पंप बंद दिसला की तो उघडून बसायचा, तिथून कुणाच्या घरचा मीटर बघायला जायचा आणि संध्याकाळी दमून परत यायचा. फ्यूज तसाच. जेवणाचा डबा डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, पेटीवर विसरायचा. त्याचे दोन मोबाइल भाताच्या चिखलात गेले. रजेचा अर्ज रजा संपल्यावर. त्याची शिडी एकदा दोन तालुक्यांत शोधली. ती सापडली त्याच्याच घराच्या मागे, आणि त्याच्या आईने तिच्यावर वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. बाकीचे वायरमन त्याला "अर्धा" म्हणायचे. "अर्ध्या, आज काय अर्धं सोडून आलास?" तो सगळ्यांच्या आधी हसायचा. तसं हसायला किती लहानपणी शिकावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

दसरा तोंडावर आला होता. भाताच्या लोंब्या पिवळ्या पडत होत्या. पावसाळाभर खांबांवर वेल चढलेले असतात, ते या दिवसांत काढावे लागतात. जनार्दनचा जोडीदार रजेवर होता म्हणून तो एकटाच काकींच्या गावाकडे गेला. फोनवर परमिट घेतलं. मी मूठ डावीकडे फिरवली, लिहून ठेवलं. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला.

"मॅडम, परमिट परत."

"सगळे खाली?"

"मी एकटाच तर हाय. खाली."

"रॉड काढला?"

"काढला, गाडीला बांधला. द्या लाइन."

मी उठले, कपाटापाशी गेले, मूठ धरली. टेबलावरचा फोन वाजायला लागला. लाइन देताना मी फोन घेत नाही, हा माझा नियम. त्या दिवशी तो मोडला. नंबर काकींचा होता आणि मी वैतागले होते. देतेच आहे बाई, एवढं सांगून टाकावं असं वाटलं असेल. टेबल हाताच्या अंतरावर आहे. उजवा हात मुठीवर तसाच ठेवून मी डाव्या हाताने फोन उचलला.

"गो मॅडम, लाइट कदी येल? भात घेऊन मानसं बसलीत."

"आलीच काकी. हा काय, देतेच आहे."

"देतेस कशी गो? तुजा वायरमन तर परत चढलाय ना खांबावर."

मी हात काढून घेतला असं लिहिणं सोपं आहे. तो निघत नव्हता. बोटं मुठीभोवती आवळून बसली होती आणि हात हलवावा तर तो कुठल्या बाजूला हलेल याची मला खात्री वाटेना. शेवटी फोन खाली ठेवून डाव्या हाताने एकेक बोट सोडवलं. मग परत फोन उचलला.

"काकी, त्याला खाली बोलवा. ओरडा."

"मी? आता?"

"ओरडा काकी!"

त्या गिरणीतून बाहेर पळाल्या असाव्यात. फोनमधून त्यांचा आवाज ऐकू आला, "ए जन्या! उतर रे खाली! मॅडम बोलवते! उतर पयला!" मग धापा, मग कुणाचं तरी बोलणं, आणि मग काकींच्या फोनवर जनार्दन.

"काय झालं मॅडम? दोनच मिंटं. टोकाला एक वेल राहिलेला दिसला, म्हणून चढलो."

"जना, तू परमिट परत दिलंस ना रे?"

मग तो म्हणाला, "दिलं?"

तो खोटं बोलत नव्हता. कामात तो कधी खोटं बोलला नाही. तो मलाच विचारत होता. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी बरेच आवाज ऐकले आहेत, ट्रान्सफॉर्मर फुटतानाचाही. त्या एका शब्दाइतकी कशाची भीती वाटली नाही.

तो संध्याकाळी उपकेंद्रावर आला, पायरीवर बसला. चहा दिला तो त्याने हातात धरून गार केला.

"मॅडम, आता आठवतंय मला. फोन केलेला आठवतंय, तुमी रॉडचं विचारलं तेपण. पण वर होतो तवा नव्हतं. तवा नुसता वेल होता."

माझा हात अजून दुखत होता.

"साहेबांना लिवून द्या," तो म्हणाला. "माज्याकडं बघून गप्प बसू नका. मलाच माजी भीती वाटते."

मी लिहून दिलं. आमचे साहेब तरुण इंजिनिअर आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पितो का?" मी नाही म्हटलं. "मग निष्काळजी." आमच्या खात्यात या दोन खणांच्या पलीकडे तिसरा खण नाही. पण साहेबही घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस निदान ऐकतो. मी म्हटलं, निष्काळजी माणूस काळजी करत नाही, हा तर काळजीने अर्धा झालाय. साहेबांनी त्याला खांबावरून उतरवलं, ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायला बसवलं आणि सांगितलं, डॉक्टरकडे तपासून या, मग पुढचं बघू. तोवर परत काही झालं तर कायमचं टेबल, हेही सांगितलं.

टेबलावर जनार्दन म्हणजे सगळ्यांनाच शिक्षा. त्याच्या पायाने सगळं टेबल थरथरायचं. अर्धी तक्रार लिहून तो उठून जायचा, कारण तक्रार करणाऱ्याच्या घरी काय झालं असेल ते त्याला कळलेलं असायचं आणि हात शिवशिवत असायचे.

त्याची बायको रंजना एकदा डबा द्यायला आली ती माझ्यापाशी थांबली. बारीक चणीची, बोलायला ठाम. "मॅडम, तुमाला एकदा भीती वाटली. मला रोज वाटते. शेगडीवर दूध ठेवून हे शेतावर जातात. पोरीला शाळेतून आणायला गेले नि बैलाचा दोर घेऊन आले. मी बोलते, भांडते, मग हे रडतात. लोकांना लाइट गेली की त्रास होतो ना? मला लाइट आली की होतो. लाइट आली म्हणजे कुनीतरी परमिट परत दिलं. ह्यांनी दिलं का दुसऱ्यानी, नि हे कुठं हायत त्या टायमाला? फोन लागेपर्यंत माजा जीव जाग्यावर नसतो."

लाइट देणारी मी. तिच्या घरात मी काय सोडत होते ते मला त्या दिवशी कळलं.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी मनाचे डॉक्टर येतात. तिकडे जायला जनार्दन तयार होईना. "वेड्यांच्या डॉक्टरकडं? गावात कळलं तर माज्या पोरीला स्थळ येल काय?"

"पोरगी तिसरीत आहे तुझी."

"आता तिसरीत हाय."

मी बरोबर येते म्हटल्यावर निघाला. खरं कारण त्याने जीपमध्ये बसल्यावर सांगितलं. "कागदावर आलं ना मॅडम, तर मला परत खांबावर चढू देणार नायत. मला दुसरं काय येतं?" मी त्याला धीर दिला नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याला परत चढू देतील याचीही मला तितकीच भीती वाटत होती.

डॉक्टर शांत होते. त्यांनी झोप, दारू, काळजी, डोक्याला मार, सगळं विचारलं. रक्त तपासायला सांगितलं. मग वेगळे प्रश्न सुरू केले. बोलणं संपायच्या आत उत्तर देता का? रांगेत उभं राहवतं का? काम सुरू किती करता, संपवता किती? आवडीच्या कामात भूक विसरता का? जनार्दन प्रत्येक प्रश्न पुरा व्हायच्या आत "हो" म्हणत होता. पुढच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या आईला आणायला सांगितलं. लहानपणी कसा होता हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हातारी स्टुलावर बसून म्हणाली, "डाक्टर, याला गुरं चारायला धाडलं का गुरं बरोबर दिवस मावळायला घरी यायची. हा नाय यायचा."

डॉक्टरही हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. याला एडीएचडी म्हणतात. लहान मुलांचा म्हणून लोकांना माहीत आहे, पण कित्येकांचं लहानपणी कुणाच्या लक्षातच येत नाही आणि ते तसेच मोठे होतात. लक्ष असतं, पण ते कुठे लावायचं हे माणसाच्या हातात राहत नाही. वादळात सगळं एकदम ओरडतं तेव्हा अशा काहींचं डोकं उलट शांत होतं; साध्या दिवशी डोक्याला धरायला काही नसतं, म्हणून जे दिसेल ते धरतं. "पण नुसता विसराळूपणा म्हणजे हे नव्हे," ते म्हणाले. "लहानपणापासून आहे का, घरी आणि कामावर दोन्हीकडे आहे का, त्याने नुकसान होतंय का, ते पाहावं लागतं. एका भेटीत मी शिक्का मारणार नाही." आणखी भेटी झाल्या. रक्तात काही निघालं नाही. मग त्यांनी निदान लिहिलं आणि बीपी तपासून गोळी सुरू केली, थोडी थोडी करून. "गोळीने डोकं जरा थांबेल," त्यांनी सांगितलं. "थांबल्यावर काय करायचं ते शिकायला लागेल. त्यासाठी कल्याणला एक कोच आहेत."

बाहेर आल्यावर जनार्दनने डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे मास्तरांनी मारलं ते फुकटच ना मॅडम?" आणि थोड्या वेळाने, "नि कोचिंग? या वयात ट्यूशन लावू?"

मी म्हटलं, कल्याण लांब आहे, आधी आपल्या आपण बघू. याद्या करण्यात माझा हात कोण धरणार? मी त्याला खांबावर चढण्याआधीची आणि उतरल्यानंतरची यादी मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकचं वेष्टण करून दिली. साहेबांनी त्याला मैदानातल्या सरावाच्या खांबावर चढायची परवानगी दिली होती, तिथे करून पाहिलं. पहिली यादी शर्टाबरोबर धुतली गेली. दुसरी गाडीच्या डिकीत होती, आणि डिकीत आहे हे तो विसरला. तिसरी त्याने समोर धरली, वाचली, आणि वाचता वाचता खांबाच्या ताणाची तार ढिली दिसली म्हणून ती आवळायला गेला. मला रडू यायचं बाकी राहिलं. माझ्याकडे दुसरं हत्यारच नव्हतं.

शेवटी मुरबाडहून जीपने कल्याणला गेलो. कोच म्हणजे मेधाताई, साठीकडे झुकलेल्या, टेबलावर एक पाण्याचा तांब्या आणि दुसरं काही नाही. आधीच म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. गोळीचं विचारायचं ते डॉक्टरांना. मी रोजच्या गोष्टी कशा जमवायच्या ते तुमच्याबरोबर बसून शोधते." मी माझ्या याद्या दाखवल्या. त्यांनी नीट वाचल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत. तुमच्या डोक्याच्या आहेत. यांच्या डोक्याला वाचून थांबता येत नाही, यांना हाताला, कानाला काहीतरी लागेल." एवढ्या वर्षांत माझ्या यादीला कुणी इतक्या प्रेमाने नापास केलं नव्हतं.

मग त्यांनी त्या वेलाच्या दिवशीचं सगळं त्याच्याकडून ऐकलं. एकदाही 'असं का केलंत' विचारलं नाही. फक्त पुढे काय, पुढे काय. आणि मग विचारलं, "काम संपलं हे तुमच्या अंगाला कधी कळतं?"

"अंगाला?" जनार्दनने विचार केला. त्याने विचार करताना पाय थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. "गाडीला किक मारल्यावर."

"परमिट परत दिल्यावर नाही?"

"नाय. तो तर फोन. फोन काय, करायचा नि झाला. पण माजी गाडी लय जुनी हाय ताई. एकदा बंद पडली का धा-बारा किका मारल्याशिवाय लागत नाय. म्हणून एकदा लागली ना, का मी उतरतच नाय. मग कोनी सोनं टाकलं रस्त्यात तरी नाय उतरणार."

मेधाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी वही मिटली.

नियम तिथेच ठरला. रॉड आणि शिडी गाडीला बांधायची, कमरेचा पट्टा हँडलला अडकवायचा, गाडीवर बसायचं, गाडी सुरू करायची आणि मग मला फोन करायचा. फोनमध्ये इंजिनाचा आवाज नसेल तर ते परमिट परत आलेलंच नाही. मी साहेबांना सांगितलं, हे एकट्या जनार्दनला लावू नका, सगळ्यांना लावा. आणि दोन माणसांशिवाय कुणालाही खांबावर पाठवू नका. साहेबांनी दोन्ही मान्य केलं, दुसरं जरा कण्हत. बाकीचे वायरमन हसले. "मॅडमना आता गाडीचं गाणं ऐकायला लागतं." लागतं. नंतर एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की तोही एकदा असाच परत चढला होता. त्याला कुणी पाहिलं नव्हतं, एवढाच फरक.

जनार्दनचं कोचिंग पुढे फोनवर चाललं. तो झाडाखाली गाडीवर बसून बोलायचा. दुधाच्या शेगडीपाशी उभं राहायचं आणि दूध उतरेपर्यंत चमचा हातातून सोडायचा नाही, असली कामं असायची. काही जमली, काही सुटली. मधे गोळ्या आणायला विसरला. रंजना म्हणाली, "पयले शंभर टक्के भांडायचो, आता पन्नास." डॉक्टरांनी आणि साहेबांनी मिळून त्याला परत खांबावर सोडलं.

त्यानंतरचं पहिलं परमिट मी दिलं तेव्हा वहीत वेळ दोनदा लिहिली. फोन आला. मी म्हटलं, "गाडी सुरू कर, मग बोल." किक, किक, किक, आणि मग ती फाटक्या आवाजाची फटफट. "मॅडम, परमिट परत." मी मूठ फिरवली. कितीतरी गावांची लाइट आली. मी खुर्चीत बसले आणि लगेच रंजनाला फोन केला, तिने विचारायच्या आत.

भीती गेली असं लिहिता आलं असतं तर लेख इथे संपवला असता. गेल्या भात कापणीच्या वेळची गोष्ट. काकींच्याच गावची लाइन, गिरणीसमोरचा खांब. फोन आला, मागे इंजिनाचा आवाज स्वच्छ. मी कपाटापाशी गेले.

"मॅडम, परमिट..." आणि तो थांबला.

मी मुठीला हात लावला नाही.

"मॅडम, थांबा. लाइन देऊ नका. माज्या गाडीला रॉड नाय. शिडी हाय, पट्टा हाय, रॉड नाय. तारेवरच राहिलाय." मग एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "परमिट परत नाय, आयकलंत ना? माज्याकडेच हाय अजून. गाडी बंद करतो."

आणि इंजिन बंद झालं. जी गाडी बंद झाली की लवकर लागत नाही म्हणून तो कधी उतरत नव्हता, ती त्याने स्वतः बंद केली. फोनही बंद झाला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

टेबलावरचा फोन वाजला. आता तो मी कधीच वाजू देत नाही.

"गो मॅडम, लाइट कदी येल?"

"काकी, तुमचं दार उघडं आहे ना? बाहेर बघा. जना काय करतोय?"

"रॉड काढला. जोडीदार शिडी बांधतोय." मग जरा थांबून, "किका मारतोय. लागत नाय."

"लागू द्या."

"भात पडलंय गो माजं."

"पडू द्या काकी. आवाज आला का?"

"नाय. अजून नाय."

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी फोन कानाला लावून थांबलो.